मागचं गेट उघडूया!

(रौप्यमहोत्सवी समारंभात सत्काराला उत्तर देताना केलेलं भाषण)



सत्काराबद्दल मनापासून आभार. शाल-श्रीफळ दिलंत, आता दोन खडे बोलही ऐकून घ्या. त्यातला एक मलाच लागणार आहे.

मी छत्तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरी केली. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, काही पंधरा डब्यांच्या आल्या. २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिकाही सुरू झाली. तरी सकाळचं दारात लटकणं संपलं नाही. का? घरं इकडे आणि कचेऱ्या तिकडे! मुंबईकडे जाणारी गाडी खचाखच भरलेली, आणि त्याच वेळी कल्याणकडे येणारीत निवांत बसायला जागा.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. १९६२ साली एमआयडीसीचा श्रीगणेशा आपल्या ठाण्यात, वागळे इस्टेटला झाला. पुढे डोंबिवलीतही एमआयडीसी आली. माणसं सायकलने कामाला जायची. नंतर ठाण्यातले कित्येक कारखाने बंद पडले, त्या जागांवर टॉवर उभे राहिले. बापाला सायकल पुरत होती, मुलाला लोकल गाठावी लागते. जमिनीचा वापर बदलला आणि भार रुळांवर आला. शीळ रोडच्या बाजूला राहणारा माणूस तर स्टेशनला पोचेपर्यंतच अर्धा दमतो. उद्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो येईल. तिच्या स्टेशनांभोवती कचेऱ्या, दवाखाने, कॉलेजं आणि परवडणारी घरं हवीत. नुसते टॉवर आणि पार्किंग उभं केलं, तर पुन्हा तेच.

ते सरकारने आणि महापालिकेने करायचं. आपल्या हातात काय आहे? आपलं मागचं गेट.

सोसायटी नवीन असताना दोन सायकली चोरीला गेल्या. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. मागचं गेट कायमचं बंद करण्याचा ठराव मीच मांडला. त्या गेटाने स्टेशन नऊ मिनिटांवर होतं. मेन रोडने वळसा घालून वीस मिनिटं लागतात. मग चालणारे रिक्षात बसू लागले. गल्लीतली वर्दळ आटली, पोळी-भाजी केंद्र उठलं, पिठाची गिरणी गेली, उरला तो अंधार. पुढे माझी मुलगी नोकरीला लागली. रात्री दहाला ती रिक्षाच्या रांगेत उभी असायची, आणि मी पुढच्या गेटवर घड्याळ बघत. तेव्हाही मला माझी चूक कळली नाही. आता गुडघे बोलायला लागले, तेव्हा कळली!

स्टेशनजवळ घर असून उपयोग नाही, तिथवर सरळ चालत जाता आलं पाहिजे. सकाळी सहा ते रात्री अकरा गेट उघडं ठेवू. एक वॉचमन आणि दोन दिवे, एवढाच खर्च.

बंद करण्याचा ठराव माझा होता. तो रद्द करण्याचा ठरावही मीच मांडतो. अनुमोदन कोण देतंय?