शेवटची गोळी



ऐन वेळी खेळाडूने कच खाल्ली की आपण थोडं श्रेय समोरच्यालाही देतो. गोलंदाजाचा यॉर्करच तसा पडला, मल्लाने पटच तसा काढला, असं म्हणायला जागा असते. नेमबाजीत ती जागा नाही. शेजारी उभा असलेला तुमच्या बंदुकीला हात लावू शकत नाही. जे बिघडतं ते तुमचं तुम्हीच बिघडवता. म्हणून आज क्रिकेट बाजूला ठेवून रायफलीविषयी बोलतो.

50 मीटर थ्री पोझिशन नावाची स्पर्धा आहे. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम सेंटीमीटरभर रुंद. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅट एमन्स तीन गुणांनी पुढे होता आणि एकच गोळी उरली होती. त्याने नेम धरला, चाप ओढला, पण पडद्यावर गुणच उमटेनात. गोळी शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर लागली होती! शून्य गुण, आणि पहिल्यावरून थेट आठव्या क्रमांकावर. एरवी तो आधी लक्ष्यावरचा क्रमांक पाहायचा आणि मग बंदूक खाली आणायचा. त्या वेळी स्वतःला शांत ठेवण्यात इतका गुंतला की क्रमांक पाहायचंच राहून गेलं.

चार वर्षांनी बीजिंग. स्पर्धा तीच, माणूस तोच, पुन्हा आघाडी आणि पुन्हा एकच गोळी. सुवर्णासाठी 6.7 गुण पुरेसे होते. या दर्जाच्या नेमबाजाला इतके कमी पडणंच अवघड. बंदूक अजून लक्ष्यावर स्थिरावत होती, तेवढ्यात बोट चापाला लागलं. 4.4 गुण. एमन्स चौथा.

याला मनाचा कच्चा म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते, आणि मला हे बोलणं फार स्वस्त वाटतं. याच माणसाने त्याच अथेन्समध्ये पालथं पडून मारायच्या स्पर्धेत सुवर्ण जिंकलं होतं, बीजिंगमध्ये रौप्य. मन कच्चं असतं तर ती पदकं कुठून आली?

मानसशास्त्रज्ञ याची उकल वेगळ्या बाजूने करतात. सायन बायलॉक या संशोधिकेने मुरलेल्या गोल्फपटूंना चेंडू मारताना स्वतःच्या हालचालीकडेच लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा खेळ बिघडला. दुसऱ्याच कशात तरी लक्ष गुंतवायला लावलं, तेव्हा तो तसा बिघडला नाही. नवशिक्यांचं उलट. तोंडपाठ आरती म्हणताना ‘पुढची ओळ कोणती बरं’ असं मनात आलं की जीभ अडते ना, तसंच हे. हजारो वेळा केलेली कृती हात आपोआप करत असतो. बक्षीस मोठं दिसलं की डोकं मध्ये येऊन तिचा ताबा घेऊ पाहतं. म्हणजे घात बहुधा निष्काळजीपणा नव्हे, जास्तीची काळजीच करते. आणि आपण गॅलरीतून ओरडतो काय? ‘लक्ष दे, लक्ष दे!’

याच स्पर्धेतलं एक नाव आपल्या घरचं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 2024 पर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 2022 च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता आणि उभ्याने मारायच्या टप्प्यात एक गोळी 7.6 वर गेली. पुन्हा चौथा. सांघिक सुवर्ण मिळालं खरं, पण चर्चा त्या एका गोळीचीच झाली. दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो गुडघ्यावरच्या आणि पालथ्या टप्प्यांत पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याने मारायच्या, म्हणजे हांगझोला जिथे घसरला त्याच टप्प्यात तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेऊन थांबला. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

एमन्सचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तो 2012 साली लंडनला याच स्पर्धेत पुन्हा उतरला आणि कांस्य घेऊन गेला.