आधी हाकेला ओ द्या



मराठी घरातला पोपट म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. ओसरीवर टांगलेला पिंजरा, आत हिरवागार राघू, पुढ्यात मिरची आणि पेरूची फोड, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण 'विठू विठू' करत त्याची खोडी काढतोय. हे चित्र आता कायद्यात बसत नाही, आणि बरंच झालं म्हणायचं. आपल्या रानातले, आपल्या वडा-पिंपळांवरचे पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. रस्त्याकडेला टोपलीत पिल्लं घेऊन बसलेला माणूस दिसला, तर दया येऊनसुद्धा विकत घेऊ नका. तुम्ही एक सोडवलंत की तो ढोलीतून दुसरं काढणार. वनखात्याला कळवा.

आज बोलायचंय ते घरात ठेवता येईल अशा छोट्या पोपटाबद्दल. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या मासे-पक्ष्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे 'लव्हबर्ड' म्हणून तो विकला जातो. प्रत्यक्षात तो बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा ऑस्ट्रेलियातला. शेपटीसकट वीतभर लांब, वजन तीस-चाळीस ग्रॅम. रानात त्याचं अंग हिरवं, डोकं पिवळं आणि पाठीवर काळ्या लहरी असतात. दुकानातले निळे, पांढरे, पिवळे रंग माणसानं पिंजऱ्यात पैदास करून काढलेले. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञानं १८४० साली काही जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, आणि तिथून तो जगभरच्या घरांत पसरला.

आता हा मूळचा राहतो कुठे, ते जरा बघू या. त्याच्या निम्म्या वागण्याचा उलगडा तिथेच होतो. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात पाऊस कधी पडेल आणि कुठे पडेल, याचा भरवसा नाही. पाऊस पडला की गवत वाढतं, गवताला बी धरतं, आणि त्या बियांच्या मागे बजरीगरांचे थवे फिरतात. चांगल्या वर्षी एकेका पाणवठ्यावर हजारोंनी उतरतात. वरून ससाणा, खालून साप. अशा ठिकाणी एकट्यानं राहणं म्हणजे मरण. आणि आजारी दिसणं म्हणजेही मरणच, कारण शिकारी पक्षी थव्यातला मरगळलेला जीव आधी हेरतो. तुमच्या दिवाणखान्यातल्या त्या निळ्या पिटुकल्याच्या शंभर पिढ्या पिंजऱ्यात गेल्या असतील, पण या दोन भीती त्याच्या अंगात तशाच आहेत.

म्हणून तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की तो ओरडतो. एकच छोटा, चढा सूर, पुन्हा पुन्हा. बहुतेक घरांत याला 'कटकट' म्हणतात आणि पिंजऱ्यावर चादर टाकतात. पण ती कटकट नसते, हाक असते. थव्यात उडताना, गवतात उतरल्यावर, एकमेकांपासून नजरेआड झाल्यावर बजरीगर ही हाक देतात आणि दुसरीकडून तिला उत्तर येतं. मी इथे आहे, तू कुठे आहेस, एवढाच त्यातला मजकूर. उत्तर आलं की पक्षी गप्प बसतो. नाही आलं तर आवाज वाढवतो. तेव्हा स्वयंपाकघरातून नुसती एक शीळ घाला, 'आहे रे' म्हणा. रोज तोच सूर, तोच शब्द. महागडी खेळणी आणून जे होत नाही ते यानं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हाकेची गंमत पुढेच आहे. प्रत्येक बजरीगराची हाक थोडी वेगळी असते. पण नर आणि मादीची जोडी जमली की थोड्याच आठवड्यांत नर आपल्या जोडीदारणीची हाक शिकतो आणि तिच्यासारखी हाक देऊ लागतो. शास्त्रज्ञांनी दोघांच्या हाका ध्वनिमुद्रित करून, त्यांचे आलेख शेजारी ठेवून हे पाहिलेलं आहे. म्हणजे या पक्ष्याच्या जगात जवळीक होते ती आवाजानं. ज्याच्याशी नातं, त्याच्यासारखं बोलायचं. मग माणसाच्या घरात एकटा ठेवलेला नर माणसाचे शब्द का उचलतो, हे वेगळं सांगायला नको. तुम्ही त्याचा थवा झालेले असता. तो तुमची हाक शिकत असतो.

बोलण्याचा विषय निघालाच आहे, आणि आपण रेडिओवर आहोत, म्हणून स्पार्की विल्यम्सची गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंग्लंडात न्यूकासलजवळ राहणाऱ्या एका बाईंचा हा बजरीगर. १९५८ साली बीबीसीनं बोलक्या पाळीव पक्ष्यांची स्पर्धा घेतली, ती या स्पार्कीनं जिंकली. पाचशेहून जास्त शब्द आणि कितीतरी बालगीतं त्याला येत होती. पुढे त्याच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका निघाली, दाणे विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीतही तो झळकला. १९६२ साली तो गेला, आणि आज पेंढा भरून न्यूकासलच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. त्याच्याही पुढचा कॅलिफोर्नियातला पक नावाचा बजरीगर. त्याचे १,७२८ शब्द गिनेस बुकात नोंदलेले आहेत.

हे ऐकून लगेच पक्ष्यापुढे बसून 'बोल, बोल' करू नका. बजरीगराचं बोलणं आपल्या राघूसारखं खणखणीत नसतं. भरभर, पुटपुटल्यासारखं, खालच्या पट्टीत असतं. कान देऊन ऐकलं तर त्यात आपलंच वाक्य सापडतं. नर जास्त बोलतात, माद्या क्वचित. कोवळ्या वयात सवय लागली तर बरं. नर-मादी आणि वय ओळखायचं ते असं. चोचीच्या वर नाकपुड्यांचा मऊ भाग असतो. मोठ्या नराचा तो बहुधा निळा, मादीचा तपकिरी. काही रंगांच्या पक्ष्यांत मात्र हा नियम लागू पडत नाही. कपाळावर चोचीपर्यंत काळे पट्टे असतील तर पक्षी अजून लहान आहे. तीन-चार महिन्यांचा झाला की ते पट्टे मागे सरतात. दुकानदार काहीही सांगो, एवढं स्वतः पाहून घ्या.

आता हातावर यायचं कसं? इथे बहुतेक जण घाई करतात. पिंजऱ्यात वरून हात घालतात. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी ससाणा. त्यात एखाद्यानं मूठ आवळून धरलं की पुढचे कित्येक दिवस वाया गेले. पहिले काही दिवस काहीच करू नये. पिंजरा नजरेच्या उंचीला, एका बाजूनं भिंतीला लागून ठेवावा, म्हणजे चारी बाजूंनी भीती राहत नाही. शेजारी बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचावं. अग्रलेख चालेल, त्याला तक्रार नसते. मग पिंजऱ्याबाहेर हात नुसता टेकवून ठेवायचा. मग आत, स्थिर. मग हातात राळ्याचं कणीस. राळा म्हणजे बजरीगराचा जीव की प्राण. रोजच्या वाटीत राळा ठेवलात तर हातातल्या कणसाला किंमत उरत नाही, म्हणून तो खास हातासाठीच राखून ठेवा. कणीस खाता खाता एक पाय बोटावर पडतो, मग दुसरा. त्यानंतर बोट पोटाखाली, पायांच्या जरा वर, हलकेच टेकवलं की तो आपसूक वर चढतो. कोणाला आठवडा लागतो, कोणाला दोन महिने. काही पक्षी कधीच हातावर येत नाहीत, खांद्यावर मात्र दिवसभर बसतात. त्यांची मर्जी.

आमच्याकडचा दाजी, निळा नर, हातावर न येणाऱ्यांतला. हात दिसला की तोंड फिरवतो, पण वाचत बसलो की चष्म्याच्या काडीवर येऊन बसतो आणि कानाशी गिचगिच करतो. लाड म्हणजे काय, हे ठरवण्याचा हक्क मी त्याला देऊन टाकला आहे.

तो काय म्हणतोय हे कळायला शब्द लागत नाहीत. संध्याकाळी चोच चोचीवर घासल्याचा बारीक करकर आवाज आला तर समजा, पोट भरलंय, झोप येतेय, सगळं ठीक आहे. एका पायावर उभा, अंग किंचित फुगवलेलं, मान मागे वळवून पिसांत खुपसलेली, ही शांत झोप. डोकं वरखाली करत नाचतोय आणि खाल्लेलं तोंडात आणून तुमच्या नखापाशी ठेवतोय, तर ते प्रेम आहे. किळस आली तरी ओरडू नका. उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून बसला असेल तर त्याला उकडतंय. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पिंजरा सावलीत हलवा आणि अंघोळीला उथळ ताटलीत पाणी द्या. एकानं जांभई दिली की शेजारचाही देतो, हे तर २०१५ साली प्रयोगानं दाखवलेलं आहे. जांभई अशी पसरताना आपण माणसांत आणि कुत्र्यांत पाहतो. पक्ष्यांतही ती दिसावी याचं तेव्हा बरंच कौतुक झालं.

आणि ज्यांना हा पक्षी मठ्ठ वाटतो, त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग. २०१९ साली चिनी आणि डच संशोधकांनी प्रत्येक मादीपुढे दोन नर ठेवले आणि तिला कोणता आवडतो ते पाहिलं. मग नाकारलेल्या नराला बंद डबी उघडून दाणे काढायला शिकवलं आणि ती कसरत मादीला पाहू दिली. आवडत्याला डबी उघडता येईना, नावडत्याला येत होती. माद्यांचं मत बदललं. आपल्याकडे स्थळं बघताना याहून वेगळं काही चालतं असं मला वाटत नाही.

आता घरातल्या धोक्यांबद्दल, आणि इथे मी गंभीर आहे. बजरीगराला रोज काही वेळ पिंजऱ्याबाहेर उडायला हवं. जो उडत नाही तो लठ्ठ होतो, चिडका होतो. पण आपल्या घरात छताला पंखा असतो. पक्षी सोडायच्या आधी पंखा बंद आणि बटणावर चिकटपट्टी, म्हणजे पाहुणा सहज लावणार नाही. खिडकीच्या काचा पडद्यानं झाका. गॅसवर नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. त्याचा थर फार तापला की जो धूर निघतो तो माणसाला जाणवतही नाही, पण पक्ष्याच्या फुप्फुसांना तो काही मिनिटांत संपवतो. धूप, मच्छर अगरबत्ती, फवारे यांपासूनही दूर ठेवा. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट कधीच नाही. बाकी खाणं सोपं आहे. बाजरी, नाचणी हे दाणे असोत, पण नुसत्या दाण्यांवर ठेवू नका. कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर रोज लागतं. चोच घासायला आणि चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा.

आजाराचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण तो लपवतो. का, ते मघाशी सांगितलंच. तो आजारी दिसू लागला म्हणजे दुखणं जुनं झालेलं असतं. दिवसाढवळ्या पिसं फुगवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, विष्ठेचा रंग बदलणं, यातलं काहीही दिसलं की 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. सगळे पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत. म्हणून पक्षी घरी आणण्याआधीच, जवळपास कोण तपासतं त्याची चौकशी करून ठेवा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर आठवड्याला वजन करा. चाळीस ग्रॅमच्या जिवाचे चार ग्रॅम कमी होणं ही मोठी गोष्ट आहे, आणि डोळ्यांना ती दिसत नाही.

शेवटचा प्रश्न, जो मला सगळे विचारतात. एक आणावा की दोन? एक आणला तर तो तुमच्याशी बोलेल, दोन आणलेत तर ते एकमेकांशी बोलतील. घरात दिवसभर कोणी ना कोणी असेल तर एकाचं चालून जातं. पण सकाळी दाराला कुलूप आणि रात्री उघडायचं, असं घर असेल तर दोन आणा. तुमच्याशी ते कमी बोलतील, हे आधीच कबूल करून. एकट्याला आरसा देऊन भागवू नका. आरशातला पक्षी त्याच्या हाकेला कधीच ओ देत नाही. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून मग जुन्याजवळ न्या. आणि दोघे नर-मादी निघाले तर दुकानदार तुम्हाला एका बाजूला भोक पाडलेलं मडकं देऊ करेल, पिंजऱ्यात अडकवायला. दिसायला ते फार गोड दिसतं. पण मडकं मिळालं की मादी चार-सहा अंडी घालते, ती उबवते, पिल्लं उडाली न उडाली तोच पुन्हा बसते, आणि अंड्यांच्या कवचात तिच्या हाडांतला चुना संपतो. वर्ष संपेपर्यंत तुमच्या गॅलरीत वीस पक्षी असतात आणि तुम्ही ते शेजाऱ्यांना वाटत फिरत असता. मडकं दुकानातच राहू द्या.