बॅटरी आटते किती, भाव उतरतो किती



आपल्या दादरच्या मैदानाभोवती हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली तर आता कोणी वळून पाहत नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही, दोन्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आल्या. त्या पहिल्या खेपेतल्या गाड्या आता दुसरा मालक शोधताहेत. भाव ऐकून गिऱ्हाईक हरखतं आणि लगेच बिचकतं : बॅटरी गेली तर? माझं म्हणणं एवढंच आहे की ही भीती चुकीच्या जागी बसली आहे. जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा भाव जेवढा पडतो तेवढी तिची बॅटरी आटत नाही. या दोन्हींतलं अंतर ज्याला मोजता येतं, त्याच्यासाठी हा सौदा आहे.

भीती आली कुठून? थोडी 'रेवा'कडून. २००१ साली बंगळुरूहून आलेली ती दोन दारांची चिमुकली गाडी शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालायची आणि काही वर्षांनी त्या बदलाव्याच लागत. बाकीची भीती खिशातल्या मोबाइलने घातली. दोन-तीन वर्षांत फोन दुपारीच मान टाकतो, मग गाडीचं काय होणार? आता हिशेब करा. फोन रोज चार्ज होतो, म्हणजे वर्षाला साडेतीनशे फेऱ्या. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, आपल्या बिलाच्या भाषेत तीस युनिटांची. पूर्ण चार्जवर ती दोनशे किलोमीटर चालते असं धरा. कागदावर ३१२ आहे, पण तो आकडा 'एआरएआय'च्या चाचणीतला, दादर टीटीच्या सिग्नलवरचा नव्हे. वर्षाला दहा हजार किलोमीटर चाललात तर पन्नास फेऱ्या झाल्या. आणि तिच्यातले लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी जातीचे सेल हजारांच्या घरात फेऱ्या सोसतात. दादर ते नरिमन पॉइंट ये-जा करून ती बॅटरी संपवायची तर निवृत्तीनंतरही नोकरी करावी लागेल!

मग ती झिजत नाही का? झिजते, पण बरीचशी उभ्या उभ्या. सेलमधल्या ग्राफाइटवर एक अतिपातळ थर साचत जातो. त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि वीज साठवायला तेवढं कमी उरतं. गाडी जागेवरून हलली नाही तरी हा थर वाढतोच. उन्हाळ्यात जोराने वाढतो, बॅटरी काठोकाठ भरून आठवडेच्या आठवडे ठेवली तर आणखी. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत घट जरा ठळक दिसते, पुढे मंदावते. 'जिओटॅब' या कॅनडातल्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२० मध्ये सरासरी घट वर्षाला २.३ टक्के काढली होती. २०२४ मध्ये पुन्हा मोजली तेव्हा ती १.८ टक्के भरली. उलट उदाहरण निसान लीफचं. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची व्यवस्था नव्हती. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात २०१२ साली मालक तक्रारी घेऊन उभे राहिले, कारण दोन उन्हाळ्यांत त्यांच्या बॅटऱ्या दिसण्याइतक्या आटल्या होत्या.

यातून एक गंमत निघते. सेकंडहँड बाजारातलं लाडकं वाक्य असतं, "डॉक्टरची गाडी आहे, फार चाललेली नाही." पेट्रोलच्या गाडीत त्याला वजन आहे. इथे मात्र सहा वर्षांत पंधरा हजार किलोमीटर चाललेली, एरवी शंभर टक्के भरून उन्हात उभी असलेली गाडी घ्यावी, की रोज वापरून साठ हजार झालेली, रात्री घरच्या चार्जरवर सावकाश भरलेली? बॅटरीपुरतं बोलायचं तर मी दुसरीला नाही म्हणणार नाही. टायर आणि सस्पेन्शनचे पैसे वेगळे कापून घ्या. अपवाद टॅक्सीचा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, पिवळी म्हणजे भाड्याची. दिवसभर धावून वारंवार फास्ट चार्जरवर लागलेल्या गाडीत किलोमीटरही बोलतात. म्हणून आजची पाटी पांढऱ्या अक्षरांची असली तरी आरसीचा इतिहास पाहा.

गाडी कुठल्या गावची, हेही विचारा. नागपूर-चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना बॅटरीला जाचतो. मुंबईची हवा घामट असली तरी त्या मानाने सौम्य. आपला शत्रू पाणी. बॅटरीचा डबा आयपी-६७ दर्जाचा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल असा असतो. पण ती चाचणी नव्या, न ठोकलेल्या डब्याची. हिंदमाताला पाणी तुंबू नये म्हणून पालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्या. गाड्यांसाठी असा काही बंदोबस्त नाही. तेव्हा विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा आणि गॅरेजात गाडी उचलून डब्याची तळबाजू बघा, खरचटलंय का, गंज आहे का.

आता भावाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पहिली नेक्सॉन ईव्ही सुमारे १४ ते १६ लाखांना आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नव्या गाडीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरवली आणि कारण सांगितलं, सेल स्वस्त झाले. त्याच वर्षी सणासुदीला आणखी मोठी सूट आली. ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीत २०२४ मध्ये बॅटरीचा जागतिक सरासरी भाव एका वर्षात २० टक्क्यांनी उतरून किलोवॅट-तासाला ११५ डॉलरवर आला. म्हणजे बघा, जुन्या गाडीचा भाव पडला तो तिची बॅटरी खराब झाली म्हणून नव्हे, नवी बॅटरी स्वस्त झाली म्हणून. पहिल्या मालकाचं नुकसान त्याच्या दारात न येताच झालं. सरकारनेही हातभार लावला. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने डीलरकडच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरचा कर १२ वरून १८ टक्के केला. तो डीलरच्या नफ्यावर लागतो. मालकाकडून थेट घेतलीत तर लागत नाही. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर मात्र ५ टक्केच! हे गणित मला आजवर पटलेलं नाही.

मोजायचं कसं? अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या प्रकृतीचा, ज्याला ते एसओएच म्हणतात तो, छापील अहवाल मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. स्वतःही पडताळता येतं. एलएफपी सेलचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे पडद्यावरचा टक्का बहकतो. म्हणून आधी एकदा सावकाश शंभर टक्के भरा. मग वीस टक्क्यांपर्यंत चालवा आणि वीस ते ऐंशी भरताना चार्जरचं मीटर वाचा. तीस युनिटांचे साठ टक्के म्हणजे अठरा. भिंतीतून निघालेल्या विजेतले दहा-बारा टक्के वाटेत उष्णतेत जातात, म्हणून धडधाकट बॅटरी वीस-एकवीस युनिटं ओढेल. मीटर साडेसोळावर थांबलं, तर बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आली आहे. एकाच चाचणीवर निकाल देऊ नका, पण घासाघीस करायला हा आकडा पुरतो.

वॉरंटी बहुतेक गाड्यांना आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांत जे आधी येईल ते. ती पहिल्या विक्रीपासून धावते, तुमच्या खरेदीपासून नव्हे. २०२० ची गाडी २०२८ मध्ये बाहेर. किती टक्क्यांखाली दावा मान्य होतो ते पुस्तिकेत वाचा. आणि हल्ली जाहिरातीत झळकणारी 'आजीवन' वॉरंटी सहसा पहिल्या मालकाच्या नावाशी बांधलेली असते. तुमच्या नावावर गाडी आली की तिची मुदत आखडते.

ऐंशी टक्के बॅटरी वाईट का? परळला ऑफिस असेल तर तुम्हाला फरक कळणारही नाही. पण दरवर्षी गणपतीला चिपळूणला जात असाल, तर अडीचशे किलोमीटरांच्या वाटेत एका थांब्याऐवजी दोन लागू शकतील, आणि त्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर चार्जरपुढे तुम्ही एकटे नसाल. तेवढे पैसे भावातून कमी करून मागा, लाजू नका.

राहिला आपल्या भागाचा प्रश्न. मैदानाभोवतीच्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाला गाडी असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. गाडी रस्त्याकडेला, 'बेस्ट'चं मीटर जिन्याखाली, मधे फुटपाथ. पुनर्विकासातल्या यांत्रिक पार्किंगमध्येही प्रत्येक पाळण्यापर्यंत वायर पोचतेच असं नाही. घरी चार्जर नसेल तर कायमचं सार्वजनिक फास्ट चार्जरवर जगावं लागतं. ते महाग, आणि स्वस्तात मिळालेल्या गाडीची बचत त्यातच जिरते. तेव्हा गाडीवाल्याला टोकन देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि चार्जर बसवायची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकार पुढच्या वार्षिक सभेत कुणालाच आठवत नाही.