आडवे शब्द, उभे शब्द



21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांचे कोडे छापले गेले. तेच आद्य शब्दकोडे मानले जाते. मराठी कोड्यात एका चौकटीत मात्रेसह संपूर्ण अक्षर बसते, म्हणून तेथे ऱ्हस्व-दीर्घाचीही परीक्षा होते. दैनिकातील कोडे आम्ही फळ्यावर मांडतो. एकदा 'गरीब' यासाठी मुलांनी आडवा 'दिन' लिहिला आणि उभी 'नदी' अडली! वाद रंगला, शब्दकोश उघडला. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब, हे मुलांनीच शोधले. महाराष्ट्रापासून दूर, जेथे उंबरठा ओलांडताच मराठी कानी पडत नाही, तेथे एका शब्दासाठी रोज दहा मिनिटे वाद घालणे हेच भाषेचे जतन होय. हीरक महोत्सवानंतरही तो फळा रिकामा राहू नये, हीच प्रार्थना.