नंबर पुसला जाण्याआधी

आम्ही पडघ्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

मुंबई-नाशिक महामार्ग आपल्या दारातून जातो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही जवळच आमण्यापर्यंत आलाय. गोदामांच्या गाड्या रात्रभर धावतात. आपल्यातल्या कुणाचा नवरा टेम्पो चालवतो, कुणाचा मुलगा रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी येतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांना रात्री एका गाडीने उडवलं आणि ती पळून गेली. मागून येणाऱ्या ओळखीच्या पिकअपमध्ये कॅमेरा होता. चालवणारा पोरगा म्हणाला, "काकू, सगळं आलंय त्यात." तेराव्यानंतर कार्ड काढून बघितलं, तर त्या रात्रीचं काहीच उरलं नव्हतं.

असं का झालं? कार्ड भरलं की हा कॅमेरा सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं भरतो. आपल्या गाडीला जोराचा धक्का बसला, तर बरेच कॅमेरे तेवढा तुकडा आपोआप राखून ठेवतात. पण अपघात पुढच्या गाडीचा असेल, तर आपल्या गाडीला धक्का कुठे बसतो?

नंबर मिळणं का महत्त्वाचं, तेही ऐका. पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये सरकारी भरपाई मिळते. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा. गाडी सापडली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तिथे माणसाचं वय, कमाई आणि मागे राहिलेली माणसं बघून रक्कम ठरते. तिला दोन लाखांची मर्यादा नाही.

म्हणून घरातल्या गाडीवाल्यांना एवढं सांगून ठेवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर लावा आणि काच आतून-बाहेरून पुसा. रात्री दिव्यांच्या झोतात नंबरपाटी पांढरी फटक दिसते, म्हणून नंबर मोठ्याने बोला. कॅमेऱ्याचा आवाज चालू असेल, तर तोही टिपला जातो. अपघात दिसला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा. आधी १०८ किंवा ११२ ला फोन करा. मग राखून ठेवायचं बटण दाबा आणि कॅमेरा बंद करून कार्ड काढा. ते कापाकापी न करता पोलिसांना द्या, पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, त्यात कुणाच्या तरी घरचं माणूस असतं.

"मदत केली तर आपणच अडकू," असं मुलं म्हणतात. त्यांना सांगा, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

त्या ताईंचा नंबर पुसला गेला. तुमच्या गाडीतल्या कार्डात उद्या कुणा दुसरीचा नंबर असेल. तो जपा.