पाच वाजता नाक्यावर

(सरावली येथील मराठी ख्रिस्ती साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं आभार मानून सुरुवात करायची असते. तुम्ही मला शेवटपर्यंत बोलू दिलंत, तर आभार तेव्हा मानीन.

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय, ‘दैनंदिन जीवनात वचन, विश्वास आणि कृपा’. विषय देणाऱ्यांची अपेक्षा मला ठाऊक आहे. तीन-चार वचनं, एखादी साक्ष, डोळ्यांत थोडं पाणी, आणि मग जेवण. जेवण मिळेलच. बाकीच्याबद्दल माझं भांडण आहे.

आधी वचनाबद्दल. रोज पहाटे आपल्या मोबाइलवर गुलाबाच्या नाहीतर सूर्योदयाच्या चित्रावर एक वचन येऊन पडतं. त्यातलं सगळ्यांत लाडकं यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं. देवाच्या मनात आपल्या हिताचे बेत आहेत, पुढं चांगलं होणार आहे, अशा अर्थाचं. दहावीचा निकाल, गल्फचा व्हिसा, फ्लॅटचं कर्ज, कुठंही ते चिकटवता येतं. पण ते ज्या पत्रातलं आहे ते पत्र कुणाला लिहिलंय? बाबेलला धरून नेलेल्या, गाव सुटलेल्या माणसांना. आणि त्याच्या लगेच आधी यिर्मया त्यांना सांगतो की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तोवर मातीत गेलेले असणार. लवकरच परत जाऊ असं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका, तिथंच घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आणून टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं ते पत्र आहे.

आता सांगा, इथं अवधनगरात किंवा खैरापाड्यात भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं नेमकं पान बायबलात दुसरं कुठलं आहे? केरळहून आलेला फिटर, झारखंडहून आलेला हेल्पर, नगर-जालन्याकडून आलेलं आपलं मराठी ख्रिस्ती कुटुंब, जव्हार-मोखाड्याहून रोजगाराला उतरलेला वारली. शिवाय इथलेच असून उठवले गेलेले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना गाव सोडावं लागलं, ते काही बाबेलला गेले नव्हते. हे सगळं समोर असताना आपण त्या पत्रातली एक गोड ओळ कापतो आणि पाठवतो. सत्तर वर्षांची ओळ पाठवायला कुणी धजत नाही.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बायबलच्या भाषांतरात घातली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी खिळे जुळवले, छापखाना चालवला. १९२२ साली रमाबाई गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. संकटाची, शापाची, रडगाण्याची पानंसुद्धा त्यात होती. त्या बाईनं अख्खं पुस्तक हातात दिलं, आपण शंभर वर्षांत त्याच्या चिठ्ठ्या केल्या. आणि वर आपले संपादक मला विचारतात, की मराठी ख्रिस्ती चिंतनाला वाचक का नाही!

दुसरं भांडण जास्त घरातलं आहे, म्हणून जास्त कडू लागेल.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक सगळ्यांना पाठ आहे. तो पहाटे नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाचा एक दिनार. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला परत जातो. तिथं अजून काही माणसं उभी असतात. तो विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ती म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही.

यावर आजवर मी ऐकलेले बहुतेक उपदेश म्हणजे मरता मरता पश्चात्ताप करणाऱ्यांची गोष्ट. त्या उपदेशकांनी एकदा बोईसरचा मजूर नाका पाहावा. मी उमेदीची वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीनं काम केलंय, येता-जाता तो नाका पाहिलाय. सकाळी धट्टीकट्टी पोरं टेंपोत बसून जातात. दिवस वर येईल तसा नाका विरळ होतो, पण रिकामा होत नाही. मग कोण उरतं? वय झालेला. बोट तुटलेला. ज्याची बोली मुकादमाला कळत नाही तो. मागच्या खेपेला मजुरीवरून ज्यानं तोंड उघडलं तो. पाच वाजता उभा असलेला माणूस आळशी नसतो, आळशी माणूस अकरालाच घरी जातो. हा उभा असतो, कारण रिकाम्या हातानं घरी जायची त्याला लाज वाटते.

मालक त्याला नेतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखा रोज देतो, तोही शेवटी आलेल्यापासून सुरुवात करून. पहाटेचे कुरकुरतात. काय म्हणून कुरकुरतात ते नीट वाचा. आम्हाला कमी दिलंत, असं ते म्हणत नाहीत, म्हणू शकत नाहीत, ठरलेला दिनार त्यांच्या मुठीत आहे. त्यांची तक्रार ही, की तुम्ही यांना आमच्या बरोबरीला बसवलंत.

आपल्या समाजाचं सगळं दुखणं या तक्रारीत आहे. आपण कृपेवर गाणी म्हणतो आणि हजेरीपटावर जगतो. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून घेतला, मे महिन्यात वसई पडली. आमचं घराणं त्याच्याही आधीचं ख्रिस्ती, असं सांगणारी मंडळी या जिल्ह्यात आहेत आणि त्यांचं खरंही आहे. पण ते सांगताना आवाज कसा बदलतो ते ऐका. सामवेदी वाडवळाला सांगतो, वाडवळ कोळ्याला सांगतो, ईस्ट इंडियन सगळ्यांना सांगतो, कॅथलिक प्रोटेस्टंटाला सांगतो. आणि सगळे मिळून त्या वारल्याला सांगतात, जो परवा-परवा येऊ लागला आणि ज्याला अजून क्रूसाची खूण नीट करता येत नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया आपला अभिमान, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेला, १८६२ साली संत झाला. त्याला जेझुइटांच्या संघात जागा मिळाली नव्हती, फ्रान्सिस्कनांनी घेतलं तेही बंधू म्हणून. आज त्याच्या नावाच्या वर्गणीची पावती फाडणारे आपण दारात कुणाला थांबवतो?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या. पुढं १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. त्याच्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत, मीही चाललोय त्यांत. पण मोर्चातून घरी येऊन मुलीच्या स्थळाची जाहिरात लिहिताना आपण काय काय विचारतो? सरकारला शिव्या देताना जरा त्या जाहिराती समोर ठेवा.

आता एका उशिरा आलेल्या बाईचं सांगतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं ती बाई नवऱ्यावर रागावलेली, सोवळंओवळं धरून बसलेली, कुणाच्या हातचं पाणी चालणार नाही या काळजीत. जातीचं खूळ तिच्या डोक्यातून गेलं ते स्वतः विचार करून, कुणाच्या उपदेशानं गेलं नाही. लिहायला-वाचायलाही ती लग्नानंतरच शिकली. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होतं, म्हणजे खरं तर जेमतेम सुरू झालेलं होतं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तर वेगळंच. मराठीत ख्रिस्ती श्रद्धेवरचं सगळ्यांत जिवंत लेखन कुणाचं, असं विचारलं तर मी फादर स्टीफन्सना नमस्कार करून, बाबा पदमनजींना नमस्कार करून या पाचच्या मजुराचं नाव घेईन. आणि का जिवंत, तर त्यात उपदेश नाही. नवऱ्याचा विसरभोळेपणा आहे, भांडणं आहेत, स्वयंपाकघर आहे, प्लेग आहे, आणि त्या सगळ्यातून कृपा अशी येते की लेखिकेलाही ती मुद्दाम दाखवावी लागत नाही.

तिसरी गोष्ट कृपेच्या साक्षींची. इथं मी कुणाचं मन दुखावलं तर दुखावू दे.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी आपल्या औद्योगिक वसाहतीत, कोळवड्याला, एका कारखान्यात स्फोट झाला. आवाज लांबवर गेला. आठ माणसं मेली. नेमके त्याच दिवसांत तिकडे उस्मानाबादला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चालू होतं आणि अध्यक्षपदी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरलेला, ‘सुबोध बायबल’ मराठीला दिलेला माणूस, ज्याच्या निवडीला केवळ धर्मगुरू म्हणून विरोध झाला. आपण सगळे त्या अभिमानात होतो. असायलाच हवं होतं. पण त्यानंतर आपल्या सभांमधून ज्या साक्षी मी ऐकल्या, त्या अशा होत्या : माझी पाळी बदलली म्हणून मी वाचलो, देवाची कृपा. माझा भाऊ दहा मिनिटं आधी त्या रस्त्यानं गेला, देवाची कृपा. लोक टाळ्या वाजवत होते.

मग त्या आठांचं काय? त्यांच्यावर नव्हती?

हा प्रश्न मी काढलेला नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. येशू विचारतो, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही, म्हणतो, आणि मग ऐकणाऱ्यांकडेच वळतो, तुम्ही बदला. मेलेल्यांच्या पापाचा हिशोब त्यानं बंद केला, तसाच वाचलेल्यांच्या पुण्याचाही. आपण तो साक्षीच्या नावानं पुन्हा उघडलाय. जी कृपा फक्त वाचलेल्याला मिळते ती कृपा नाही, ती लॉटरी आहे, आणि लॉटरी लागलेला माणूस कारखान्यातल्या सुरक्षेचा प्रश्न विचारत नाही. बुरूज कोसळला तेव्हा तो बांधणारा कोण होता, चुना किती घातला होता, हे विचारणं अविश्वास आहे असं आपल्याला कुणी शिकवलं? ज्या गावात दर थोड्या दिवसांनी सायरन वाजतो, तिथल्या रोजच्या चिंतनात रिॲक्टर, व्हॉल्व्ह, कंत्राटी कामगाराचं हेल्मेट नसलेलं डोकं हे शब्द येत नसतील, तर ते चिंतन कुठल्या गावचं?

पहाटेच्या मजुरांवर मी जरा जास्त तुटून पडलो असं समोरच्या काही चेहऱ्यांवर दिसतंय. तेवढ्यासाठी त्या गोष्टीतलं एक राहिलेलं सांगतो.  मालक त्या कुरकुरणाऱ्याला ‘मित्रा’ म्हणतो, त्याचा दिनार त्याच्याकडेच ठेवतो. जुन्या घराण्यांचा दिनार कुणी काढून घेत नाहीये. फक्त तो मोजून दाखवण्याचा कार्यक्रम आज दुपारच्या पत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर आहे, ‘परिसरातील जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा सत्कार’. त्याबद्दल माझा ठराव आहे.

एक, तो सत्कार रद्द करावा. शाली परत द्याव्यात, दुकानदार ओळखीचा आहे. दोन, त्या पैशातून दरवर्षी सरावली-बोईसरच्या कामगारांनी लिहिलेल्या चिंतनाचं पुस्तक काढावं. वारली बोलीत, मल्याळी वळणाच्या मराठीत, ज्याला जसं येईल तसं. शुद्धलेखन आपण बघू, मजकुराला हात लावायचा नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याकडे कुणीतरी वही घेऊन जायचं. तीन, पुढच्या वर्षीचा मेळावा सकाळी दहाला ठेवायचा नाही. पहिली पाळी तीनला सुटते, माणूस आंघोळ करून इथं पोचेपर्यंत साडेचार होतात. मेळावा पाच वाजता सुरू व्हावा.

ठराव मी मांडलाय. अनुमोदन कोण देतंय? मागून चालेल, उभे राहून नाव सांगा.