हरलेला कर्णधार आणि आपला साक्षीदार



बुलढाणा शहर घाटमाथ्यावर वसलेलें आहे. तेथें रेल्वे नाहीं. आगगाडीनें येणाऱ्यास मलकापुरास उतरून राजूरचा घाट चढावा लागतो. या भूगोलाचा क्रिकेटशीं काय संबंध, असें आपण विचाराल. संबंध इतकाच, कीं मोठ्या सामन्यांचीं मैदानें येथून फार दूर आहेत आणि येथील रसिकास सामना बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच कळत आला. जून १९७४ मध्यें लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, तेव्हां मुंबईस दूरदर्शन येऊन दोनच वर्षें झालीं होतीं. विदर्भांत तें पोंचलेंच नव्हतें. बुलढाण्याच्या, खामगांवच्या किंवा मेहकरच्या माणसानें तो पराभव आकाशवाणीवर ऐकला आणि वर्तमानपत्रांत वाचला. दोष कोणाचा, हा निवाडाही त्यानें त्याच साक्षीवर केला. आज मला या साक्षीदाराविषयीं बोलावयाचें आहे.

परंतु प्रथम आरोपीची हकीगत. अजित वाडेकर १९७१ च्या आरंभीं कर्णधार झाले. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडी यांच्या जागीं त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षीं भारतानें वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरविलें आणि २४ ऑगस्ट रोजीं ओव्हल मैदानावर चार गडी राखून इंग्लंडलाही हरविलें. त्या सामन्यांत चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत सहा गडी बाद केले होते. या दोन्ही देशांत कसोटी मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ. पुढें १९७२-७३ मध्यें इंग्लंडचा संघ येथें आला आणि तोही दोनास एक असा हरला. इंदूरला तर १९७१ च्या विजयाचें स्मारक म्हणून सिमेंटची प्रचंड बॅट उभी राहिली.

नंतर आला १९७४ चा उन्हाळा. तीन कसोटी सामने झाले आणि तिन्ही भारत हरला: पहिला ११३ धावांनीं, दुसरा एक डाव २८५ धावांनीं, तिसरा एक डाव ७८ धावांनीं. वाडेकरांच्या मुंबईच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटीस डांबर फांसलें गेलें. पश्चिम विभागाच्या संघांतही त्यांना जागा राहिली नाहीं, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं त्यांनीं खेळाचा निरोप घेतला. तीन वर्षांपूर्वीं ज्यांनीं हार घातले, त्यांतीलच कांहीं हात आतां दगड उचलीत होते.

त्या पराभवाचीं कारणें नव्हतीं काय? होतीं, आणि तीं सामान्य वाचकास समजण्याजोगीं होतीं. इंग्लंडमधील उन्हाळ्याच्या आरंभीं हवा थंड व दमट असते. ढगाळ आभाळाखालीं चेंडू हवेंत वळतो. भारताची सारी भिस्त फिरकीवर, आणि गारठलेल्या बोटांनीं फिरकी टाकणें कठीण. लॉर्ड्सवर चंद्रशेखरांच्या अंगठ्यास दुखापत झाली. त्याच सामन्यांत भारतानें पहिल्या डावांत ३०२ धावा केल्या होत्या, ही गोष्ट आज फारशी कोणास आठवत नाहीं. ४२ मात्र सर्वांस तोंडपाठ आहे. संघांत एकोपा नव्हता हेंही खरें, आणि त्याचा जाब कर्णधारास द्यावाच लागेल. पण लोकांच्या चर्चेंत राहिलें तें निराळेंच: भारतीय उच्चायुक्तांच्या मेजवानीस खेळाडू उशिरां पोंचले आणि त्यांना परत जावें लागलें; एका खेळाडूवर दुकानांतून मोजे उचलल्याचा आळ आला. गोष्टी रसाळ खऱ्या; पण मेजवानीस वेळेवर जाऊन कोणाचा त्रिफळा वांचत नाहीं.

कर्णधार बदलला, मग पुढें काय झालें? पतौडी परत आले. १९७४-७५ मध्यें वेस्ट इंडीजविरुद्ध भारत चांगला झुंजला, तरी मालिका दोनास तीन अशी हरला.

येथें फुटबॉलचें उदाहरण उपयोगीं पडेल. युरोपांत संघ हरूं लागला, कीं मॅनेजरला काढावा अशी ओरड होते, आणि बहुधा तो काढलाही जातो. नवा येतो, संघ दोन-चार सामने जिंकतो, आणि सर्वांस वाटतें, औषध लागू पडलें. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञानें हॉलंडमधील १९८६ ते २००४ या काळांतील सामने तपासून २०११ मध्यें आपला निष्कर्ष मांडला. तशाच पडत्या काळांतून जाणाऱ्या ज्या संघांनीं मॅनेजर बदलला नाहीं, तेही तसेच सांवरले होते. आमच्याकडील म्हातारीं माणसें म्हणतात, पडशाला औषध घेतलें तर आठ दिवस आणि न घेतलें तर आठवडा. त्यांतलाच हा प्रकार.

वाडेकरांच्या नशिबीं हा अनुभव पुन्हां आला. १९९२ सालीं ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. पदाचें नांव व्यवस्थापकाचें, पण काम संघास शिकविण्याचें व डावपेंच आखण्याचें. दक्षिण आफ्रिकेंत संघ कसोटी मालिका हरला आणि एकदिवसीय सामन्यांतही दोनास पांच असा मागें पडला. कर्णधार अझरुद्दीन यांना काढा, अशी मागणी उठली. लगेच १९९३ च्या आरंभीं इंग्लंडचा संघ येथें आला. कलकत्त्यास अझरुद्दीन यांनीं १८२ धावा केल्या, कुंबळे यांनीं मालिकेंत २१ गडी बाद केले, आणि भारत तिन्ही कसोटी जिंकला. महिन्यापूर्वीं ज्यांच्या बुद्धीविषयीं शंका होती, तेच दोघे आतां चाणक्य ठरले! खरें पाहतां पायांखालची माती बदलली होती आणि त्या मातीस साजेशी तीन फिरकी गोलंदाजांची योजना केलेली होती.

पुढें १३ मार्च १९९६ रोजीं ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. भारतानें नाणेफेक जिंकून श्रीलंकेस फलंदाजी दिली आणि नंतर एक बाद ९८ वरून आठ बाद १२० अशी आपली दैना करून घेतली. मैदानांत बाटल्या पडल्या, बैठकींस आगी लागल्या, आणि सामना श्रीलंकेस बहाल झाला. नाणेफेकीच्या निर्णयावर तेव्हांपासून टीका होत आली आहे. परंतु अकराच दिवसांपूर्वीं दिल्लीस याच श्रीलंकेनें भारताच्या २७१ धावा चार गडी गमावून पार केल्या होत्या. अशा संघास पाठलाग करूं देऊं नये, या विचारास निदान आधार होता. तो पुरेसा होता कीं नाहीं, यावर वाद घालावा. पण तो सांगितल्यावांचून निर्णयास मूर्खपणा म्हणणें हा न्याय नव्हे. त्यानंतर वाडेकरांच्या जागीं संदीप पाटील आले.

तर मग साक्षीदाराची परीक्षा कशी करावी? मी दोनच प्रश्न सुचवितों. पहिला हा, कीं लेखक जें कारण आज देतो, तें त्याला निकालापूर्वीं दिसलें होतें काय? सामना संपल्यावर शहाणपण सर्वांसच सुचतें. दुसरा प्रश्न असा, कीं तो काय पाहिलें, काय ऐकलें आणि काय तर्क केला, हें वेगळें करून सांगतो काय? ‘संघांतील मतभेद विकोपास गेल्याचें समजतें’ या वाक्यांत समजतें कोणाला आणि कोणाकडून, हें आपण विचारलें पाहिजे.

या कसोटीस उतरणारें लेखनही आहे. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनीं २०२२ मधील सामन्यांपूर्वीं खेळाडूंची माहिती एका ज्योतिषास कळविली होती, अशी बातमी ‘इंडियन एक्स्प्रेस’नें सप्टेंबर २०२३ मध्यें छापली. ती दोघांमधील लेखी संदेशांच्या आधारें होती. विशेष म्हणजे त्याच जुलैमध्यें बंगळूरला दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवून संघ कीर्तीच्या शिखरावर होता. जून २०२४ मध्यें, विश्वचषकाच्या पात्रता फेरींतील अपयशानंतर, स्टिमाच यांना दूर केलें गेलें. पण तो प्रश्न त्यापूर्वींच, त्यांच्या भरभराटींत, विचारला गेला होता. पडलेल्यावर लिहिण्यास धैर्य लागत नाहीं. चढत्यास प्रश्न विचारण्यास लागतें.

आतां थोडें आपणां वाचकांविषयीं. पत्रें आरोपी पुरवितात, कारण आपण आरोपी मागतों. हवा, खेळपट्टी आणि दुखावलेला अंगठा यांचें वर्णन वाचण्यास धीर लागतो; ‘कर्णधार हटवा’ हे दोन शब्द वाचण्यास लागत नाहीं. आज बुलढाण्यास बातमी घाट चढून येत नाहीं. ती हातांतील यंत्रावर क्षणांत येते, चित्रासह येते. पण चित्र दिसलें म्हणजे कारण दिसलें, असें नव्हे. रसिकानें टीका जरूर करावी, खेळाडूनें ती सोसावी. त्यावांचून खेळास गोडी नाहीं. मात्र पुढच्या पराभवानंतर निवाडा देण्यापूर्वीं, त्याच लेखकानें सामन्याच्या आधीं काय लिहिलें होतें, तें एकदां काढून वाचावें. दगडापूर्वीं कात्रण हातीं घ्यावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.